अडथळा परंपरेचा की नियमांचा?

अरब विद्यापीठांतील महिला प्राध्यापकांवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. बढतीत त्या मागे पडण्याचे सारे खापर परंपरेवर फोडणे पटले नाही. सौदी अरेबियात २०१९ पर्यंत संशोधिकेला परदेशी परिषदेला जायचे तर वडील, पती, प्रसंगी मुलाचीही संमती लागे. त्या वर्षी २१ वर्षांवरील महिलांना पासपोर्टचा व प्रवासाचा स्वतंत्र हक्क मिळाला. घरची माणसे तीच राहिली, बदलला तो नियम! इजिप्तच्या २००३ च्या कामगार कायद्याने शंभर किंवा अधिक महिला असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. विद्यापीठांनीही तेवढे करावे आणि बढतीसाठी शोधनिबंध मोजताना बाळंतपणाची रजा वगळावी. यासाठी समाज बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. कुलगुरूंचे एक परिपत्रक पुरते.

– एक प्राध्यापिका, पुणे