जर्नल भरून राऊटर चालत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या शिक्षण पुरवणीत नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षांवर नुकताच लेख आला. फी किती, पगार किती, नोकऱ्या कुठे, सगळं होतं. तयारी कशी करायची यावर मात्र ‘भरपूर सराव करा’ एवढंच. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनातून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. शिकवणं माझ्याकडे नव्हतं. वायरी ओढायच्या, नेटवर्कचे स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी यंत्रं) चालू करून द्यायचे आणि प्रॅक्टिकल संपल्यावर पोरांनी घातलेला गोंधळ निस्तरायचा, हे माझं काम. त्यामुळे सरावाच्या नावाखाली काय चालतं ते मी अगदी जवळून पाहिलंय. अजूनही संध्याकाळी चार-दोन मुलंमुली लॅपटॉप घेऊन घरी येतात, ‘काका, हे का चालत नाही?’ म्हणून विचारतात, तेव्हा तेच दिसतं.

आधी परीक्षेबद्दल. बहुतेकांचं लक्ष्य असतं सीसीएनए, म्हणजे सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा. वेळ 120 मिनिटं, फी 300 डॉलर, म्हणजे कर सोडून पंचवीस हजारांच्या वर. एकदा पुढचा प्रश्न घेतला की मागे येता येत नाही. त्यात काही प्रश्न असे की समोर राऊटरची किंवा स्विचची काळी स्क्रीन येते आणि काम करून दाखवायचं असतं. इथे पर्यायांवर खूण करून भागत नाही. आणि आमची मुलं तयारी कशाने करतात? क्लासवाल्याने दिलेल्या ‘डम्प’ने. आधीच्या परीक्षार्थींनी बाहेर आणलेले प्रश्न पीडीएफमधून पाठ करायचे. हे नियमांत बसत नाही आणि सापडलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, हे जाहिरातीत कुणी छापत नाही. ‘शंभर टक्के पास’ तेवढं मोठ्या अक्षरात असतं.

पण सगळा दोष क्लासवर टाकून कसं चालेल? पाठांतराची सवय आम्हीच कॉलेजात लावतो. व्हीलॅनचा (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडायचा) प्रयोग असला की सर फळ्यावर कमांड लिहिणार, अख्खी बॅच ती टाइप करणार, पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ही चाचणी) गेला की स्क्रीनशॉट काढून जर्नलला चिकटवायचा आणि सही घ्यायची. निष्कर्षसुद्धा वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरवलेला. सगळं पहिल्या फटक्यात चालतं, कारण फळ्यावरचं बरोबरच असतं. आणि जिथे काही बिघडतच नाही तिथे शिकायचं काय?

मी घरी येणाऱ्यांना जोडीनं बसवतो. एकाने पॅकेट ट्रेसरमध्ये (कॉम्प्युटरच्या पडद्यावरच नेटवर्क बनवून पाहायचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं) चालू नेटवर्क उभं करायचं, मग बाहेर जाऊन चहा प्यायचा. तेवढ्यात दुसऱ्याने त्यात एक बिघाड करून ठेवायचा. एकच. आत येणाऱ्याला फक्त तक्रार सांगायची, ‘अकाउंट्सच्या पीसीवरून सर्व्हर दिसत नाही’, जशी ऑफिसातला माणूस सांगेल तशी. आणखी एक अट असते: सुरुवातीला ‘शो रनिंग-कॉन्फिग’ ही यंत्राची सगळी सेटिंग एकदम दाखवणारी कमांड मारायला बंदी. ती कमांड मारली की मुलं पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत वाचत बसतात आणि बिघाड डोळ्यांखालून निघून जातो. त्याऐवजी एकेक नेमका प्रश्न विचारायचा. पोर्ट चालू आहे का? तो कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे? ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या जोडणीवरून, काय जातंय? आणि एंटर दाबण्याआधी काय दिसायला हवं ते कागदावर लिहायचं. ही लिहायची सक्ती मुलांना अजिबात आवडत नाही. पण अंदाज आणि स्क्रीन जिथे जुळत नाहीत, बिघाड तिथेच बसलेला असतो.

परवाचंच सांगतो. दोन स्विच, मधल्या ट्रंकवरून व्हीलॅन 10 आणि 20 व्यवस्थित चालू. तासगावकडच्या एका मुलाला तिथे 30 वाढवायचा होता. त्याने ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन 30’ असं टाइप केलं. 30 चालू झाला, गडी खूश. पाच मिनिटांनी जोडीदारीण म्हणाली, 10 आणि 20 मेले. मग याने पीसीचे आयपी बदलून पाहिले, केबल काढून लावली, व्हीलॅन पुसून नव्याने बनवले. मी गप्प. शेवटी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ मारल्यावर यादीत एकटा 30 दिसला. मधे ‘ॲड’ हा शब्द घातला नाही तर यादीत भर पडत नाही, अख्खी जुनी यादी जाऊन नवी येते. चालू कंपनीत हे झालं तर अर्धं ऑफिस बंद. जर्नलमध्ये ही ओळ पन्नास वेळा लिहिली असती तरी त्याच्या लक्षात राहिली नसती. आता जन्मभर विसरणार नाही.

ओएसपीएफचंही (राऊटरांनी एकमेकांशी बोलून वाटा ठरवायच्या पद्धतीचंही) तसंच. हॅलो टायमर, एरिया नंबर किंवा वाइल्डकार्ड मास्क यांतलं एखादं सेटिंग चुकलं की शेजारी राऊटर दिसतच नाही. हे बिघाड थोड्या सवयीने सापडतात. मला स्वतःला आवडणारा बिघाड वेगळा आहे. एका बाजूच्या इंटरफेसवर ‘आयपी एमटीयू 1400’ टाकून ठेवायचं, म्हणजे पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा एकाच बाजूला कमी करायची. पिंग जातो, शेजारी दिसतो, पण नातं ‘फुल’पर्यंत पोचत नाही, ‘एक्सस्टार्ट’ या आधीच्या टप्प्यातच अडकतं. हुशार पोरंसुद्धा इथे घाम पुसतात. हा प्रकार मी जुन्या खऱ्या राऊटरवर करून घेतो.

बाकी सराव साधा आहे. फाइल दर वेळी कोरी घ्यायची, आधीची उघडून पुढे जायचं नाही. एसएसएच (दुरून सुरक्षितपणे यंत्रात शिरायची सोय) चालू करताना होस्टनेम, डोमेन नेम, आरएसए की, लोकल युजर आणि व्हीटीवाय लाइन हे सगळं न बघता जमेपर्यंत करायचं, सेव्ह करायचं, मग रीलोड मारून उरलंय का ते पाहायचं. कमांड अर्धवट आठवली तर प्रश्नचिन्ह टाकून राऊटरलाच विचारायची सवय ठेवायची. ती असली की पाठांतराचं निम्मं ओझं उतरतं. सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांचे लहान गट पाडणं) मात्र कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय, कारण परीक्षेत तो मिळत नाही. स्लॅश 26 म्हटलं की 64 पत्त्यांची उडी आणि 62 होस्ट (जोडता येणारी यंत्रं) हे जिभेवर हवं.

सीसीआयई या सिस्कोच्याच वरच्या पातळीची प्रात्यक्षिक परीक्षा तर आठ तासांची आहे. 2020 पासून तिचे दोन भाग झाले: तीन तास डिझाइन, पाच तास प्रत्यक्ष काम. आमच्याकडचा एक जुना विद्यार्थी तिच्या तयारीला लागलाय. तो सुटीच्या दिवशी सलग आठ तास दार लावून बसतो आणि पहिला बराच वेळ कीबोर्डला हातच लावत नाही. पूर्ण प्रश्नपत्रिका वाचतो, आकृती स्वतःच्या हाताने काढतो, कुठलं काम कशावर अवलंबून आहे त्याचे बाण काढतो. बायको म्हणते, हा अभ्यास करतोय की झोपलाय!

आता खरं मागणं. खऱ्या यंत्रावर हात बसायला यंत्र लागतं. कंपन्या आणि बँका जुने स्विच-राऊटर बदलतात तेव्हा ते भंगारात वजनावर जातात. सिस्कोचा 2960 स्विच आणि 1841 राऊटर आज कंपनीला निरुपयोगी असतील, पण व्हीलॅन, ट्रंक, ओएसपीएफ शिकायला ते पुरेसे आहेत. आणि कॉलेजात यंत्रं आली तरी डेडस्टॉक रजिस्टरच्या (कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीच्या) भीतीने ती कपाटात कुलूपबंद राहतात. काही हरवलं तर सहायकाच्या पगारातून कापतील, ही भीती मी अनेक वर्षं पाहिली आहे. राऊटरला लॅपटॉप जोडायची फिकट निळी कन्सोल केबल बाहेर काढायलासुद्धा अर्ज लागायचा. तंत्रशिक्षण संचालनालयाने दोन गोष्टी कराव्यात. दान आलेल्या अशा यंत्रांची नोंद वेगळ्या रजिस्टरला घ्यायची आणि मोडतोड झाली तरी वसुली नाही असं लेखी कळवायचं. आणि परीक्षेच्या हंगामात तरी नेटवर्किंगची लॅब संध्याकाळी आठपर्यंत उघडी ठेवायची. जादा वेळेचा भत्ता देणार असाल तर माझ्यासारखे निवृत्त सहायक बसायला तयार आहेत. नाही दिलात तरी मी एकटा येईन, पण इतरांकडून ती अपेक्षा करू नये.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मिरज