तूप आणू नकोस, आई

लीड्स,
तान्हा पोळा

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू तेच ते विचारतेस, मी अर्धं सांगते आणि तेवढ्यात ईरा उठते. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढून राहिली. बाबांनाही वाचायला दे. आजीला वाचून दाखव, जरा मोठ्यानं.

पहिलं म्हणजे बॅग. दसरा झाला की तू निघशील, आणि तुझी तयारी काय चालली असेल ते मला इथून दिसतं. कढवलेल्या तुपाची बरणी, तुपात तळलेल्या डिंकाचे लाडू, संत्रा बर्फी. वर्ध्याहून गोरसपाकही मागवला असशील. यातलं काहीच घेऊ नकोस. भारतातून दूध-तूप इकडे आणायला तशीही बंदी आहे, विमानतळावर सापडलं तर काढून घेतात. शेजारच्या काकूंना हेच कारण सांग, तेवढ्यावर भागेल. तुला मात्र खरं कारण पटायला पाहिजे, नाहीतर इथे येऊन माझ्या वरणात गुपचूप चमचाभर सोडशील. मी ओळखते तुला.

ईराला गाईच्या दुधाची ॲलर्जी असावी असा डॉक्टरांना संशय आहे. अजून ठरलेलं काही नाही, म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नको. तिचे गाल सारखे लाल अन् खरखरीत असतात. दूध पिता पिता मधेच पाठ ताणते, सोडून देते, रडते, परत शोधते. एवढं तर कितीक बाळं करतात. पण मग शीमध्ये आव दिसायला लागली, आणि एका सकाळी त्यात रक्ताचे बारीक लाल धागे. निखिलनं डायपरचाच फोटो काढला आणि तो डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वजनाचा तक्ता पाहिला. वजन नीट वाढून राहिलं आहे, त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. मी घाबरली होती, ते वेगळं.

आता बाबा विचारतील, रक्त काहून नाही तपासत? ही ॲलर्जी दोन तऱ्हेची असते. एकीत काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. ती रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासणीत कळते. दुसरी सावकाश येते. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी, आणि मुख्यतः पोटात आणि कातडीवर दिसते. ती कोणत्याच तपासणीत येत नाही. ईराची असलीच तर ही दुसरी. पहिलीची लक्षणं असती तर डॉक्टरांनी आम्हाला घरच्या घरी काही करूच दिलं नसतं.

मग ओळखायची कशी? आईनं दूध आणि दुधाचं सगळं दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचं आणि बाळाकडे बघायचं. आपण खातो त्यातल्या दुधाच्या प्रथिनांचा अगदी थोडा अंश अंगावरच्या दुधात उतरतो, आणि एखाद्या बाळाला तेवढाही सोसत नाही. नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळांत हे क्वचित होतं, शंभरात एकापेक्षाही कमी. म्हणून डॉक्टर ठामपणे काही बोलत नाहीत, आणि मला ते बरंच वाटतं.

तुझा तुपाचा मुद्दा मला पाठ आहे. बेरी काढून गाळलं की उरतो नुसता स्निग्धांश, त्यात दूध कुठलं? बरंचसं खरं आहे. पण घरी कितीही गाळलं तरी प्रथिनांचा लवलेश राहतोच, आणि तो किती राहिला ते सांगता येत नाही. एरवी चाललं असतं. हे आठवडे चालत नाही, कारण मी तूप खाल्लं आणि गाल लालच राहिले, तर दूध निर्दोष होतं की तूप आडवं आलं, हे कोण सांगणार? अर्धवट पथ्यात माझे हाल पूर्ण आणि उत्तर शून्य. म्हणून कडकडीत पाळून राहिली.

आजी म्हणते शेळीचं दूध पी. शेळीची, म्हशीची प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बाळाचं शरीर फरक करत नाही. देशी गाईचं ए-टू दूधही नको, त्यानं ॲलर्जी टळत नाही. बाबांनी लॅक्टोज-फ्री दुधाचं सुचवलं होतं. लॅक्टोज ही साखर, आणि आमचं भांडण प्रथिनांशी. ती साखर आईच्या दुधात आईच्याच शरीरात तयार होते, मी काही खाऊ दे नाहीतर न खाऊ दे.

आणि इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, एवढे उपास कशाला करतेस, सरळ डबा सुरू कर. अगं, डब्यातली नेहमीची पावडर गाईच्याच दुधाची असते! या बाळांसाठी वेगळी असते, प्रथिनं पार तोडलेली, ती डॉक्टर लिहून देतात. गरज पडली तर घेऊ. सध्या दूध भरपूर आहे, तेव्हा अंगावरचं बंद करायचं काही कारण नाही.

उपास म्हणशील तर तसा नाहीच. पथ्य लागलं आणि लक्षात आलं, आपलं वऱ्हाडी-नागपुरी जेवण मुळात तेलाचं आहे. झुणका-भाकर चालते. पाटोडीचा रस्सा, वडाभात, डाळभाजी, जवसाच्या चटणीत कच्चं तेल, सगळं चालतं. रविवारी निखिल तर्री-पोहे करतो. वडाभातासोबतची कढी गेली, तिच्या जागी चिंचेचं सार करते. काल पोळ्याची पुरणपोळी केली, शेंगदाण्याच्या तेलावर भाजली. शेजारी तुपाची वाटी नाही म्हणजे आपल्याकडे पुरणपोळी वाढलीच नाही असं होतं, पण खाल्ली.

खरा त्रास बाहेरच्या खाण्याचा. इथल्या कायद्यानं पाकिटावर चौदा पदार्थ ठळक छापावे लागतात, दूध त्यातलं एक. म्हणून वाचणं सोपं आहे, पण दूध कुठं कुठं निघतं ते बघ: ब्रेडमध्ये, तिखट चिप्सच्या मसाल्यात, तयार नानमध्ये, आपल्या ग्लुकोज बिस्किटातही. चहाचं तर बोलूच नको. सोयाचं दूध उकळत्या चहात फुटलं. ओटचं फुटत नाही, पण तो चहा भाताच्या पेजेत पत्ती टाकल्यासारखा लागतो. मी कोरा चहा प्यायला लागली, आलं-गवती चहा घालून.

हाडांची काळजी करू नको. पाजणाऱ्या बाईला इथल्या हिशेबानं रोज 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मला 1000 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या आहेत, दिवसात विभागून घ्यायच्या, सोबत ‘ड’ जीवनसत्त्व 10 मायक्रोग्रॅम. लोहाची गोळी त्यांच्या सोबत घ्यायची नाही, ती रात्री. ओटचं दूधही कॅल्शियम घातलेलंच आणते, सगळ्यांत नसतं. वरून तिळाची चटणी आहेच.

आता जे ऐकून तू ओरडशील ते. गाल थोडे निवळून राहिले आहेत आणि शीमध्ये रक्त दिसलेलं नाही. तू म्हणशील, झालं मग, दुधाचं नाव काढू नको. पण चार आठवडे भरले की मी मुद्दाम दूध परत सुरू करणार आहे. चहात, दह्यात, आठवडाभर. लक्षणं परत आली तरच ॲलर्जी पक्की. नाही आली तर ॲलर्जी नव्हतीच, ईरा आपल्या आपण बरी झाली असं समजायचं, कारण या वयात बाळांचं तसंही होतं. ही दुसरी पायरी पुष्कळ जणी भीतीनं गाळतात आणि वर्षभर विनाकारण पथ्य करतात. मला ते नको. तू येण्याआधीच हे होऊन जाईल, म्हणजे तुला तिचं रडणं बघावं लागणार नाही. कोजागरीला आटवलेलं दूध प्यायचं की नारळाचं, तेव्हा कळलेलं असेल.

पक्कंच निघालं तरी जन्माचं नसतं. अशी बहुतेक मुलं पहिल्या काही वर्षांत यातून बाहेर येतात. नऊ-बारा महिन्यांची झाली की आधी भाजलेल्या बिस्किटातलं दूध, मग पुढचं पुढचं, असं पायरीपायरीनं देतात. उष्टावणाची खीर नारळाच्या दुधात करू. गुरुजींचं काही म्हणणं असेल तर बाबांनी बोलावं.

तर बॅगेत हे घाल: जवस, तीळ, कच्चा डिंक (लाडू इथे खोबरेल तेलात वळू), अळीव, मूगवड्या, कुरड्या, निखिलसाठी सावजी मसाला. सांडगी मिरची ताकातली असेल तर राहू दे, नुसत्या मिठा-मसाल्याची असेल तर आण. शतावरी कल्प नको, तो दुधातच प्यायचा असतो आणि मला गरजही नाही. चिवडा इथे करू, शंकरपाळ्यांचं आल्यावर बघू.

तिकिटाची प्रत निखिलला पाठव. आम्ही मँचेस्टरला घ्यायला येऊ, लीड्सचं विमान शोधत बसू नको.

आजीला नमस्कार, बाबांनाही.

तुझी,
पल्लवी