जोडप्यांच्या समुपदेशनाकडे वळणाऱ्या मुलीस

जळगाव

चि. ताईस, आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

एम.ए. झाल्यावर जोडप्यांच्या समुपदेशनाचेच काम करायचे आहे, असे तू परवा फोनवर म्हणालीस आणि मी या कामात कशी आले, तेही विचारलेस. ते घाईत सांगण्यासारखे नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

माझे पहिले शिक्षण समाजकार्याचे. धुळ्याला एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी महिलांच्या एका समुपदेशन केंद्रात लागले. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने, शक्य असेल तिथे आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली आहे आणि ते योग्यच आहे. परंतु मी जे पाहत होते त्यात समेट म्हणजे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी समजूत घालायची, नवऱ्याने ‘यापुढे नीट नांदवीन’ असे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचे आणि बाईने पिशवी उचलून त्याच्या मागे निघायचे, एवढाच अर्थ उरला होता. कागदावर दोघांच्या सह्या असत, पण ती दोघे एकमेकांशी एक वाक्यही बोललेली नसत. त्यातल्या कितीतरी जणी काही महिन्यांनी परत येत. त्यांच्यात जे बोलले गेले नाही ते काय असते, हा प्रश्न मला सोडीना. नोकरी सांभाळून मी मानसशास्त्रात एम.ए. केले आणि पुढे मुंबईला जाऊन-येऊन जोडप्यांच्या उपचारपद्धतीचे प्रशिक्षण घेतले. तू तेव्हा बालवाडीत होतीस. तुला आजीने सांभाळले म्हणून ते निभावले.

मी मुख्यतः भावनाकेंद्री पद्धतीने काम करते. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कॅनडामध्ये ती मांडली आणि जॉन बोल्बी यांच्या अनुबंधाच्या सिद्धान्ताशी जॉन्सनबाईंनी तिची सांगड घातली. आपले माणूस गरजेच्या वेळी आपल्यासाठी आहे, ही खात्री मोठ्या माणसालाही लागते. ती डळमळली की बहुधा एक जण मागे लागतो, टोचून बोलतो आणि दुसरा गप्प होतो. पहिल्याच्या बोलण्याने दुसऱ्याचे गप्प राहणे वाढते आणि त्या गप्प राहण्याने पहिल्याचे बोलणे. भांडणाचा विषय कोणताही असो, समुपदेशकाने पकडायचे असते ते हे चक्र.

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक उदाहरण सांगते. चोपड्याकडचे एक जोडपे आले, त्यांच्याबरोबर दोन्हीकडची मिळून गाडीभर माणसे. आपल्याकडे लग्न दोन भावकींचे असते, त्यामुळे या माणसांना बाहेर काढून चालत नाही. मी त्यांना मानाने बसवले, चहा दिला, त्यांचे ऐकून घेतले आणि मग फक्त त्या दोघांना आत बोलावले. तक्रार आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची होती. केळीचा माल निघत होता, घरात हाताशी कोणी नव्हते, म्हणून सासूने सुनेला सणाला माहेरी धाडले नाही आणि नवरा त्यावर अवाक्षर बोलला नाही. ती बोलत होती तेव्हा तो मान खाली घालून मोबाइल उलटासुलटा करीत होता. तिचा आवाज चढला की त्याचा हात जागीच थांबे. ती बोलते तेव्हा तुमच्या अंगात काय होते, असे मी त्याला विचारले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “छातीमा धडधड व्हस. माय बी मनी शे, हाई बी मनी शे. बोलू ते कोनले बोलू?” आई आणि बायको दोघीही आपल्याच, मग बोलायचे तरी कोणाला, हा त्याचा पेच ऐकून ती थांबली. त्याला आपले काहीच वाटत नाही, असे ती वर्षानुवर्षे धरून चालली होती. खरे काम तिथून पुढे सुरू झाले.

त्याची धडधड ही सबब नव्हती. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडपी वाद घालत असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला १०० च्या पुढे गेले की माणसाला समोरच्याचे नीट ऐकूच येईनासे होते आणि शांत व्हायला त्याला किमान २० मिनिटे लागतात. म्हणून मी त्याला सांगितले की उठून खुशाल जा, पण ‘अर्ध्या तासाने येतो’ असे सांगून जा आणि त्याप्रमाणे या. गॉटमन यांच्याच अभ्यासात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे मिटत नाहीत, असे दिसले. हे सांगितले की ‘हे आपल्याच घरात नाही’ असे कळून जोडप्यांना हायसे वाटते, असा माझा अनुभव आहे.

मात्र मारहाण किंवा धाक असेल तिथे दोघांना एकत्र बसवू नकोस. माझ्यासमोर खरे बोलल्याची किंमत बाईला घरी जाऊन मोजावी लागते. म्हणून मी पहिल्यांदा दोघांना वेगवेगळे भेटते आणि तसे काही दिसले, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत तिला पोहोचवणे हे माझे पहिले काम असते. लग्न टिकवलेच पाहिजे, अशी अट मी कधी घातली नाही. काही जोडपी माझ्याकडे बोलूनच सन्मानाने वेगळी झाली आहेत आणि ते काम मी कमी प्रतीचे मानत नाही.

आता तुझ्याबद्दल. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, परंतु जोडप्यांच्या समुपदेशकाला आपल्याकडे तसा वेगळा परवाना नाही, त्यामुळे चार दिवसांच्या शिबिरानंतर पाटी लावणारेही भेटतात. तू संस्थेचे नाव पाहून प्रवेश घेऊ नकोस. तुझी सत्रे ऐकून तुझ्याशी दर आठवड्याला बोलणारे ज्येष्ठ मार्गदर्शक तिथे आहेत का, ते आधी विचार. आम्हा दोघांची भांडणे ऐकतच तू वाढलीस. कोणाची बाजू तुला चटकन खरी वाटते, हे तपासण्यासाठी स्वतःही काही काळ समुपदेशन घे. त्याचा आणि शिक्षणाचा खर्च बाबा आणि मी पाहू. तू चौकशी करून दिवाळीपूर्वी कळव, म्हणजे पैशांची तजवीज करता येईल.

तुझी,
आई