ओवीच्या दिल्लीच्या ॲडमिशनबद्दल

सुमे,

तुझा भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला आणि म्हटलं फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे भाऊजींना पण वाचायला देता येईल, माझं तोंडी सांगितलेलं ते काही मनावर घेत नाहीत हे तुलाही माहितीये.

आधी ते "पंच्याण्णवच्या खाली गेली तर दिल्ली युनिव्हर्सिटी विसरायची" हे ओवीच्या डोक्यातून काढ बाई. तो जमाना गेला. 2021 ला हिंदू कॉलेजात पॉलिटिकल सायन्सचा पहिला कटऑफ 100 टक्के लागला होता, शंभर! म्हणजे एक मार्क गेला तरी पहिल्या यादीतून बाहेर. 2022 पासून सगळं सीयूईटीवर, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर आलं. आता बारावी नीट पास व्हायचं, मेरिट लागतं ते सीयूईटीच्या मार्कांवर. दोन पोरांचे मार्क अगदी सारखे आले तरच बारावीचे बघतात. त्यामुळे बोर्डाच्या अर्ध्या अर्ध्या टक्क्यासाठी तिला रडवू नका, त्या वेळात एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईला असतात ती पुस्तकं वाचू दे. सीयूईटीचा सिलॅबस बारावीच्या एनसीईआरटीवर आहे, बालभारतीच्या पुस्तकाशी बराच जुळतो पण सगळा नाही, आणि क्लासवाले नीट-जेईईच्या नादात हे सांगत नाहीत.

आता विषय, इथे नीट लक्ष दे. 2025 पासून सीयूईटीला जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, प्रत्येकाला 50 प्रश्न आणि 60 मिनिटं, बरोबर आलं की 5 मार्क, चुकलं की 1 वजा, म्हणजे एका विषयाला 250. आणि दिल्ली युनिव्हर्सिटीचा नियम असा की बारावीला जे विषय आहेत त्याच विषयांची सीयूईटी द्यायची, उगाच सोपा वाटतो म्हणून हिस्टरी घेतला तर तो धरणार नाहीत. तू म्हणालीस ती सायन्सला आहे आणि तिला पॉलिटिकल सायन्स नाहीतर इकॉनॉमिक्स करायचंय, मग आता आर्ट्सला बदलून घ्यावं का. अजिबात नको! पॉलिटिकल सायन्स ऑनर्सला एक भाषा आणि यादीतले कुठलेही तीन विषय लागतात, त्या यादीत फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स सगळं आहे. इकॉनॉमिक्सला एक भाषा, मॅथ्स आणि अजून कुठलेही दोन. म्हणजे इंग्लिश, मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री एवढे चार दिले की पॉलिटिकल सायन्स, इकॉनॉमिक्स, बीकॉम ऑनर्स, शिवाय मन बदललं तर फिजिक्स ऑनर्स, सगळी दारं उघडी. फक्त तिने मॅथ्स ठेवलंय ना ते मला सांग, कारण तुमच्याकडे नीटवाली पोरं मॅथ्स सोडून भूगोल किंवा क्रॉप सायन्स घेतात, तसं असेल तर इकॉनॉमिक्सचा नाद सोडावा लागेल. पाचवा म्हणून जनरल टेस्ट टाकू दे, काही कोर्सेसना लागते.

भाषेचं म्हणशील तर बारावीला मराठी असेल तर मराठीचा पेपर पण देता येतो, तेरा भाषा आहेत त्यात. तिचं इंग्लिश चांगलं आहे म्हणून मी इंग्लिशच म्हणेन.

आता दाखल्याचं. खरं तर पत्र लिहायला बसले ते यासाठीच. तुमचा एनटी-डीचा दाखला आहे, पण व्हीजे-एनटी, एसबीसी ह्या आपल्या महाराष्ट्राच्या कॅटेगऱ्या आहेत, दिल्लीत त्या कोणाला कळतसुद्धा नाहीत. इथे आरक्षणाचे चार रकाने, एससी 15 टक्के, एसटी साडेसात, ओबीसी 27 आणि ईडब्ल्यूएस 10. तुमची जात केंद्राच्या यादीत ओबीसीत आहे, तरी भाऊजींना केंद्राच्या यादीत महाराष्ट्राच्या खाली स्पेलिंगसकट बघून घ्यायला सांग, आणि मग नॉन क्रिमीलेअरसह *केंद्राच्या नमुन्यातला* ओबीसी दाखला काढायचा. माझ्या भाच्याच्या वेळी काय झालं, सेतूवाल्याने "ताई सगळं एकच असतं" म्हणत राज्याचाच दाखला हातात दिला, इकडे कॉलेजने तो परत पाठवला, वर मुदत दोन दिवसांची, आणि माझा दादा बिचारा प्रांत ऑफिसच्या व्हरांड्यात बसून, साहेब दौऱ्यावर. मिळाला शेवटी, पण बीपीची गोळी वाढली. ओळखायचं कसं तर केंद्राचा नमुना इंग्रजीत असतो आणि वरतीच भारत सरकारच्या नोकरीसाठी असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचून "आम्हाला नोकरी नको, ॲडमिशन पाहिजे" म्हणून परत करू नका, तोच चालतो. दुसरं, तो त्या वर्षीच्या मार्चअखेरनंतर काढलेला लागतो, म्हणजे आत्ता घाईने काढून ठेवलात तर जूनमधे उपयोग नाही. आत्ता फक्त जुनी कागदपत्रं गोळा करा, उत्पन्नाचे तीन वर्षांचे, आजोबांचा शाळेचा उतारा वगैरे, आणि एप्रिल लागला की अर्ज. उत्पन्नाची हद्द 8 लाख, पण पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात मोजत नाहीत, सेतूवाले बरेचदा सगळी बेरीज करून "तुम्ही बसत नाही" म्हणून मोकळे होतात, त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. सीयूईटीचा फॉर्म भरताना दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे भरा आणि पुढे सगळीकडे तसंच, कारण तिथली माहिती युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर आपोआप जाते. फॉर्म साधारण जानेवारी ते मार्चच्या मधे निघतात, परीक्षा मे महिन्यात सुरू होते.

सीयूईटी दिली म्हणजे झालं असं नाही हां. युनिव्हर्सिटीच्या सीएसएएस म्हणजे ॲडमिशनच्या पोर्टलवर वेगळा फॉर्म, ओबीसीला फी 250 रुपये. मग कोर्स आणि कॉलेजच्या जोड्या पसंतीने लावायच्या. साठाहून जास्त कॉलेजं आहेत, भरपूर टाका, दहा नावाजलेली टाकून थांबणारी पोरं हात चोळत बसतात. पहिल्या फेरीत जे मिळेल ते आवडो न आवडो ॲक्सेप्ट करायचंच, मग अपग्रेड लावून ठेवायचं, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा निघाली तर ती मिळते. ॲक्सेप्ट केलं नाही तर पुढच्या फेऱ्यांमधून सरळ बाहेर, हे भाऊजींना मोठ्या अक्षरात लिहून दे, ते "बघू पुढच्या राउंडला" म्हणणाऱ्यातले आहेत. आणि यादीत कुठे एनसीवेब, म्हणजे रोज कॉलेजला न जाता शिकायचं बोर्ड, दिसलं तर ते फक्त दिल्लीत राहणाऱ्या मुलींसाठी असतं, तिकडे जाऊ नका. बाकी ॲडमिशनला डोमिसाइलची भानगड नाही.

हॉस्टेलचं मात्र वेगळं, ॲडमिशन मिळाली म्हणजे हॉस्टेल मिळतंच असं नाही, बरीच पोरं कमलानगर, विजयनगरला पीजीत राहतात. सुरुवातीला माझ्याकडे राहील, त्याची काळजी करू नकोस.

आत्ता तू एवढंच कर, ओवीच्या अकरावीच्या मार्कशीटचा आणि तुमच्या जुन्या दाखल्याचा फोटो व्हॉट्सॲप कर, सरळ धरून काढ, मागच्या वेळी अर्धा अंगठाच आला होता. काकूंना नमस्कार.

तुझी
माधवी