आधी यादी, मग कायदा: इराकच्या सक्तीच्या लष्करभरतीबद्दल

महोदय,

सक्तीच्या लष्करी सेवेतून राष्ट्र घडते, असे सांगणाऱ्या आपल्या रविवारच्या लेखात नवस्वतंत्र इराकचे उदाहरण दोन वाक्यांत उरकले आहे. १९३४ मध्ये कायदा झाला, टोळ्यांमधले तरुण बराकीत आले आणि तिथे इराकी बनले, असा त्याचा सूर. कायदा झाला हे खरे. शहरांत तो फारशी खळखळ न होता रुजलाही. टोळ्यांच्या मुलखात मात्र कामांचा क्रमच उलटा लावला गेला, आणि तसे होऊ नये हे खुद्द राजाने लिहून ठेवले होते.

इराकी सैन्य ६ जानेवारी १९२१ रोजी उभे राहिले, ते स्वेच्छेने येणाऱ्यांचे. असा सैनिक टिकवायचा तर बरा पगार द्यावा लागतो. सक्तीने आणलेल्याचे हातखर्चावर भागते. बगदादचे बरेचसे राज्यकर्ते जुन्या तुर्की फौजेतले अधिकारी असल्याने त्यांना ही पद्धत ओळखीची होती. १९२७ मध्ये त्यांनी विधेयक आणले. दक्षिणेतले शिया शेख (टोळीप्रमुख) आणि उत्तरेतले कुर्द विरोधात गेले, आणि सक्ती लादायला आमची फौज मिळणार नाही, असे तेव्हा इराकवर देखरेख असलेल्या ब्रिटिशांनी बजावले. विधेयक बारगळले. ३ ऑक्टोबर १९३२ रोजी इराक स्वतंत्र देश म्हणून राष्ट्रसंघाचा सदस्य झाला आणि ब्रिटिशांची अडकाठी सुटली. टोळ्यांचा प्रश्न होता तिथेच होता.

राजा फैसलला त्याची पूर्ण जाण होती. आपल्या निकटच्या मंत्र्यांसाठी लिहिलेल्या गोपनीय टिपणात तो हिशेब मांडतो: लोकांच्या हाती एक लाखाहून जास्त रायफली, सरकारकडे पंधरा हजार. म्हणून एकमेकांपासून दूरच्या दोन प्रदेशांत एकाच वेळी उठाव झाले तरी ते मोडता येतील एवढे सैन्य आधी हवे, सक्तीची घोषणा त्यानंतर. सप्टेंबर १९३३ मध्ये तो वारला. त्याच्या आदल्याच महिन्यात उत्तरेत सिमेले आणि आसपासच्या गावांत इराकी सैन्याच्या हातून असिरियन ख्रिश्चनांची कत्तल झाली होती. बगदादमध्ये सैन्याचे त्याबद्दल कौतुक झाले (ही लाजिरवाणी बाब लेखात नाही), आणि त्या लाटेवर १९३४ च्या सुरुवातीला सक्तीच्या भरतीचा राष्ट्रीय संरक्षण कायदा मंजूर झाला. अंमलबजावणी १९३५ च्या मध्यावर सुरू झाली.

सक्तीच्या भरतीत बंदूक शेवटी येते. सुरुवात वहीपासून होते. गावातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव, बापाचे नाव आणि वय लिहायचे, त्यातून त्या वर्षीचे वयात आलेले निवडायचे, नोटीस पोचवायची, वैद्यकीय तपासणी करायची, सूट कोणाला ते ठरवायचे आणि न येणाऱ्याला शोधायचे. टोळ्यांच्या भागात ही साखळी पहिल्याच कडीला अडते. जन्मनोंद नसल्याने वय सांगितले जाते ते एखाद्या पुराच्या किंवा लढाईच्या वर्षावरून. कारकुनाला तीन वर्षे इकडची तिकडे करणे सोपे असते, आणि तिथेच लाचेला वाट फुटते. कळपांबरोबर फिरणारी कुटुंबे नोंदीच्या दिवशी एका तालुक्यात असतात, नोटिशीच्या दिवशी दुसऱ्या. शिवाय हीच वही उद्या कर वसूल करायलाही वापरली जाईल, हे कोणाला सांगावे लागत नाही. मुलगा नोंदवायचाच नाही, हा त्यावरचा सर्वात साधा उपाय. तुर्की अमलातही सक्ती मुख्यतः शहरांपुरतीच राहिली होती. तुर्की सुभेदार मिदहत पाशाने १८६९ नंतर बगदाद प्रांतात ती लावू पाहिली तेव्हा दंगे झाले होते. म्हणजे दक्षिणेतल्या टोळ्यांच्या हिशेबी १९३४ चा कायदा जवळजवळ नवाच होता.

नाव मिळवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे शेख. आणि शेखाला ते द्यायचे नसते. मध्य फरात खोऱ्यात, दिवानिया आणि शामियाच्या बाजूला, भात उन्हाळ्याच्या सुरुवातीला लागते आणि शरदात कापणीला येते. त्याखेरीज कालव्यांतला गाळ दरवर्षी सगळ्या टोळीने मिळून उपसावा लागतो. गाळ राहिला तर शेवटच्या शेतापर्यंत पाणीच पोचत नाही. तरणे गडी नेले की हे काम अडते. शेखाची पत तर त्याच्या मागे किती बंदूकधारी उभे राहतात यावरच असते, आणि सरकार नेमके तेच मागत होते.

यातला खरा घोळ सरकारने स्वतःच घातलेला होता. १९३३ च्या शेतकऱ्यांच्या हक्क-कर्तव्यांच्या कायद्याने कर्जबाजारी कुळाला देणे फिटेपर्यंत जमीन सोडायला मनाई केली. जवळजवळ प्रत्येक कूळ कर्जातच असल्याने हा कायदा म्हणजे शेखांना दिलेले आंदण होते. पुढच्याच वर्षी त्याच कुळाला सैन्यात बोलावणारा कायदा आला. एका कायद्याने माणूस शेताला बांधायचा आणि दुसऱ्याने शेतातून ओढायचा, असे करून शेख आणि कूळ दोघेही एकाच वेळी दुखावले. एरवी त्यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध असतात.

मे १९३५ मध्ये रुमैथा भागात उठाव झाला तो केवळ भरतीमुळे, असे मात्र म्हणू नये. एका धर्मगुरूची अटक ही ठिणगी होती. जमीन आणि शियांचे अपुरे प्रतिनिधित्व या जुन्या तक्रारी होत्या. त्याच वर्षी पंतप्रधान यासीन अल-हाशिमी सत्तेवर आले होते ते फरातकाठच्याच काही शेखांच्या बंडाचा आधार घेऊन, त्यामुळे बाकीच्या शेखांनी त्यातून काय धडा घेतला असेल ते उघड आहे. लोहमार्ग उखडला गेला. जनरल बक्र सिद्कीने लष्करी कायदा पुकारला, विमानांतून बाँब टाकले आणि उठाव मोडला. फैसलची अट अशा रीतीने पुरी झाली, पण सक्तीच्या आधी नव्हे, सक्तीबरोबरच.

उत्तरेतल्या सिंजारच्या डोंगरातले यझिदी (स्वतःचा वेगळा धर्म पाळणारा समाज) प्रकरण वेगळे, कारण तिथे भरती हेच मुख्य कारण होते आणि आक्षेप कागदावर साठ वर्षांपूर्वीच नोंदलेले होते. १८७२ मध्ये यझिदींनी तुर्की सरकारला चौदा कलमी अर्ज देऊन सेवेतून सूट मागितली होती. दरवर्षी सप्टेंबरात लालिश या त्यांच्या पवित्र स्थळी शेख अदीच्या समाधीचे दर्शन घ्यावे लागते. मोराच्या रूपातल्या देवदूताच्या प्रतिमेचे दर्शन वर्षातून तीनदा हवे. निळे कपडे घालायचे नाहीत. आणि वर्षभर परमुलखात राहिलेल्याला त्याची बायको निषिद्ध होते. यातल्या बहुतेक अडचणी व्यवस्थेने सुटण्याजोग्या आहेत: वेगळी तुकडी, गणवेशाचा रंग, सप्टेंबरातली रजा, वर्षाच्या आत घरी फेरी. खर्च किरकोळ आला असता. ऑक्टोबर १९३५ मध्ये मात्र तिथे सैन्य आणि लष्करी कायदा पोचला. गावे जाळली गेली, दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बायकामुलेही होती. म्होरक्या दाऊद अद-दाऊद सीमा ओलांडून सीरियात गेला.

भरतीने सैन्य वाढले, यात वाद नाही. १९३२ मध्ये सुमारे बारा हजार असलेले सैन्य १९३६ पर्यंत वीस हजारांच्या आसपास गेले. शिपाई मोठ्या प्रमाणात दक्षिणेतले शिया, अधिकारी बहुतांशी सुन्नी अरब, ही रचना तशीच राहिली. त्यामुळे बराकीत सगळे एक झाले, हा लेखातला दावा निदान अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाला तरी लागू पडत नाही. २९ ऑक्टोबर १९३६ रोजी याच बक्र सिद्कीने बगदादवर सैन्य नेऊन हाशिमींचे सरकार उलथले. त्या दिवशी संरक्षणमंत्री जाफर अल-अस्करी मारले गेले. १९२७ चे विधेयक ज्यांच्या कारकिर्दीत आले तेच हे अस्करी.

लेखात दिलेली आणखी एक तारीख लेखकाने तपासावी. टोळ्यांचे तंटे सामान्य न्यायालयाबाहेर शेखांच्या पंचायतीपुढे नेणारे ब्रिटिशकालीन नियम १९३५ मध्ये रद्द झाले नाहीत. टोळीतला माणूस लष्करी वहीत नागरिक म्हणून आला, पण खुनाच्या किंवा जमिनीच्या खटल्यात तो टोळीवालाच राहिला. हे नियम गेले ते १९५८ च्या क्रांतीनंतर.

— पश्चिम आशियाच्या इतिहासाचे अभ्यासक