टेहळणी विमान नुसत्या निळ्या रंगाने होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले सुट्टीतल्या हस्तकला प्रदर्शनांत अलीकडे किल्ल्यांच्या जोडीला प्लास्टिकच्या संचांतून जोडलेली विमानेही मांडू लागली आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांत एक चूक इतक्या वेळा दिसते की ती जाहीरपणे लिहिणे भाग आहे. स्पिटफायर या ब्रिटिश विमानाचा साधा लढाऊ संच जोडायचा, वरून खालून निळा रंग मारायचा आणि पुढे पाटी ठेवायची, ‘दुसऱ्या महायुद्धातील टेहळणी विमान’. पंखांतून दोन तोफा तशाच बाहेर आलेल्या! परीक्षकही रंग पाहून मान डोलावतात.

फोटो टेहळणीचे स्पिटफायर निःशस्त्र असे. त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे पीआर मार्क ११ (पीआर म्हणजे फोटो टेहळणी, मार्क म्हणजे आवृत्ती). अशी ४७१ विमाने बनली. सांगाडा लढाऊ मार्क ९ च्या घराण्यातला, म्हणून मार्क ९ चा संच घेऊन हे रूप करता येते. बंदुका, तोफा, त्यांच्या गोळ्या, समोरची चिलखती काच हे सगळे काढून टाकले आणि पंखांच्या पुढच्या कडेच्या पोकळीत पेट्रोल भरले, प्रत्येक पंखात ६६ ब्रिटिश गॅलन. धडातल्या ८५ गॅलनांच्या टाक्या धरून बेरीज २१७ गॅलन, म्हणजे सुमारे ९८६ लिटर. बदल करताना प्रत्येक वेळी हा हिशेब आठवावा. जे काढले ते वजनासाठी आणि जागेसाठी, आणि जे फुगवले ते लांबच्या पल्ल्यासाठी.

शिवाय हे विमान आपल्याला अगदीच परके नाही. ब्रह्मदेशावर टेहळणी करणारे रॉयल एअर फोर्सचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचे, ६८१ क्रमांकाचे स्क्वाड्रन २५ जानेवारी १९४३ रोजी कोलकात्याजवळ डमडमला उभे राहिले आणि त्याच्याकडे पीआर ११ होती. आपला बेळगावचा सांबरा विमानतळही रॉयल एअर फोर्सने १९४२ मध्ये प्रशिक्षणासाठी बांधलेला.

आता काम. पुढची मापे १/७२ प्रमाणाच्या संचाची आहेत. या प्रमाणात पंखांचा एकूण विस्तार १५६ मिलिमीटर भरतो आणि कानशीचा अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर, हे ध्यानात ठेवूनच हत्यार उचलावे.

सुरुवात पंखांपासून करावी, कारण बहुतेकांचे तिथेच बिघडते. मार्क ९ च्या नेहमीच्या पंखावर प्रत्येक बाजूला एक तोफ, तिच्या शेजारी एक आखूड बुंधा आणि बाहेरच्या बाजूला मशीनगनची दोन भोके असतात. वर गोळ्यांच्या पट्ट्यासाठी फुगवटा आणि खाली रिकामी काडतुसे पडण्याच्या खाचा. हे सगळे जायला हवे. तोफा संचात सुट्या असतील तर त्या लावायच्याच नाहीत, भोके बुजवायची. पंखाशी एकसंध ओतलेल्या असतील तर कापण्याआधी एक काम करावे: तोफेच्या बाजूला जिथे कड स्वच्छ आहे तिथल्या गोलाईचा साचा जुन्या व्हिजिटिंग कार्डातून कापून ठेवावा. मग बारीक करवतीने अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवून तोफ कापावी, उरलेले कानशीने आणि ४००, ८००, १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून उतरवावे आणि दर चार-पाच हातांनी तो साचा लावून पाहावा. साचा नसला की हात सपाट चालतो आणि स्पिटफायरच्या नाजूक कडेवर चपटा डाग पडतो. रंग दिल्यावर तो लपत नाही, उलट उठून दिसतो.

भोके नुसत्या पुट्टीने भरू नयेत. गाड्यांच्या रंगकामाची पुट्टी आतला द्रव उडाला की आकसते, आणि सगळे रंगवून झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिथे खळगा उमटतो. संचाचे भाग ज्या काड्यांना लागून येतात त्यांतली काडी मेणबत्तीवर ऊन करून ओढावी, निमुळता तुकडा लिक्विड सिमेंट लावून भोकात ठोसावा आणि दोन दिवसांनी वरचे टोक छाटावे. प्लास्टिकमध्ये प्लास्टिक जिरते. उरलेल्या बारीक फटींना फेविक्विक चालते, मात्र ते तासाभराच्या आत घासावे. रात्रभर ठेवले तर ते भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कडक होते, मग कागद प्लास्टिक खातो आणि फेविक्विकची टेकडी तशीच राहते.

पंखांच्या खालच्या बाजूला टाक्यांच्या बूस्टर पंपांवरचे छोटे लंबगोल फुगवटे नव्याने बसवायचे असतात. ओढलेल्या काडीचा थेंबासारखा तुकडा अर्धा चिरला की फुगवट्यांची जोडी तयार. मर्लिन ६१ किंवा ६३ इंजिनाचे विमान करत असाल तर डाव्या पंखाच्या मुळाशी इंधन थंड करण्याच्या यंत्रणेचे बारीक तोंडही कोरावे.

नाकाची हनुवटी मार्क ९ पेक्षा खोल असते. लांबच्या उड्डाणात इंजिन तेल जास्त पिते, म्हणून तेलाची टाकी मोठी केली आणि तिच्यापायी खालचे झाकण फुगले. बाजूच्या आराखड्यावरून अर्धा मिलिमीटर जाड प्लास्टिकच्या पत्र्याची उभी फाक कापून नाकाच्या मध्यरेषेवर चिकटवावी आणि दोन्ही बाजूंना एम-सील भरून फाकेच्या कडेपर्यंत घासत यावे. मधली फाकच मर्यादा ठरवते, नजरेवर काही सोडावे लागत नाही. साइनबोर्डवाल्यांकडचा सनबोर्ड मात्र इथे वापरू नये. तो फेसाळ पीव्हीसी असतो, संचाच्या सिमेंटने नीट धरत नाही आणि घासला की जाळी पडते.

यानंतर पुढची काच. सगळ्यांत कंटाळा आणणारे काम हेच आणि विमानाचा चेहरा बदलतो तोही इथेच. लढाऊ विमानाच्या काचेला समोर सपाट चिलखती तावदान असते, पीआर ११ ला ते नाही; एकसंध वळलेली काच असते. संचातली काच घासून गोल होत नाही, ती नवी ओढावी लागते. संचाच्या काचेला आतून तेलाचा हात फिरवून तीत एम-सील दाबावे, सुकल्यावर काढावे आणि समोरचा सपाट भाग कानशीने गोल करावा. हा ठोकळा मूळ काचेच्या जाडीइतका लहान निघतो, म्हणून त्यावर एम-सीलचा पातळ थर चढवून पुन्हा घासावा आणि १२०० च्या कागदाने गुळगुळीत करावा. ठोकळ्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उतरतो. पारदर्शक पत्र्यासाठी कुंद्याच्या किंवा कुठल्याही मिठाईच्या डब्याचे झाकण उत्तम, जाडी सुमारे ०.३ मिलिमीटर असावी. पुठ्ठ्याच्या दोन चौकटींत पत्रा पिना मारून घट्ट धरावा आणि शेगडीच्या आचेपासून वीतभर वर फिरवावा. आधी तो आकसतो, मग सैल पडून लोंबू लागतो. लोंबला की लगेच ठोकळ्यावर सरळ खाली दाबायचा. इथे उशीर केला तर पत्रा दुधाळ पांढरा होतो आणि पुन्हा पारदर्शक होत नाही. पाच-सहा पत्रे वाया जातील असे धरूनच बसावे. काच चिकटवायला फेविकॉल घ्यावा, फेविक्विक नको. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते आणि आपल्या पावसाळी हवेत तर ती हमखास धरते.

कॉकपिटमध्ये बंदुकीची नेमसाधनी काढून तिच्या जागी कॅमेरा चालवण्याची छोटी पेटी येते, ०.५ मिलिमीटर पत्र्याचा तुकडा पुरतो. शेपटीचे चाक आत जाणारे आहे, त्याला दोन झडपा लागतात. काही संचांत मार्क ८ चे जादा भाग येतात, त्यांत असे चाक मिळून जाते. नाकात शिशाचे वजन घालण्याची काही गरज नाही. हे विमान शेपटीवरच बसते.

आता कॅमेरे. कॉकपिटच्या मागे धडात दोन उभे कॅमेरे एकामागे एक असत आणि त्यांच्या खिडक्या पोटाला. डावीकडे पाहणारा तिरका कॅमेराही बसवता येई. धडाचे दोन भाग जोडण्याआधी तेवढी जागा आतून काळी करावी, नंतर करता येत नाही. खिडकीची जागा आराखड्यावरून घेऊन, धड जोडून सांधा घासून झाल्यावर, हाताच्या ड्रिलने आधी १ मिलिमीटरचे भोक पाडावे, मग दीडचे, मग दोनचे, आणि उरलेले गोल सुईकानशीने वाढवावे. एकदम मोठे ड्रिल लावले तर ते सांध्यात अडकते आणि धड उकलते. काच सर्वांत शेवटी, रंग झाल्यावर: टूथपिकने फेविकॉलचा पडदा भोकावर ओढायचा. तो सुकताना किंचित आत ओढला जातो आणि आपोआप भिंगासारखा दिसतो.

या भोकांतून काय दिसत असे याचा हिशेब शाळकरी मुलांनाही जमेल. एफ-५२ कॅमेऱ्याला ३६ इंची, म्हणजे ३ फुटी भिंग लावले आणि विमान ३०,००० फुटांवर असले, तर निगेटिव्हचे प्रमाण १:१०,०००. जमिनीवरचा एक किलोमीटर निगेटिव्हवर दहा सेंटिमीटर. निगेटिव्ह साडेआठ इंच बाय सात इंच, म्हणजे एका फोटोत सुमारे २.१६ बाय १.७८ किलोमीटर मुलूख. बेळगावचा भुईकोट किल्ला खंदकासकट एका निगेटिव्हवर मावला असता आणि वर जागा उरली असती. दोन्ही कॅमेरे एकमेकांपासून किंचित कलते ठेवून पट्टा रुंद करत.

रंग पीआरयू ब्लू, म्हणजे फोटो टेहळणी विमानांचा ठराविक निळा, राखाडीकडे झुकणारा मध्यम, सगळ्या अंगाला एकच. राखाडी आणि पांढऱ्यात प्रुशियन निळा थेंबाथेंबाने घालत जावे, निळ्यात पांढरा घालू नये. तसे केले की आकाशी होतो आणि डबा भरून रंग वाया जातो. लॅकर रंग जून ते सप्टेंबर मारूच नये, दमट हवेत त्यावर पांढरट साका येतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. पॅनेलच्या रेघांत काळी शाई ओतून विमान मळवण्याची सध्या फॅशन आहे. इथे ती हात आखडून करावी, कारण वेग हेच ज्याचे शस्त्र त्या विमानाचे अंग गुळगुळीत राखत.

ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांच्या गोल चिन्हांत लाल रंग नसतो. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढला आणि गडद निळ्यात फिकट निळा ठेवला. अशी चिन्हे संचात बहुधा नसतातच. नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून गोलांचे साचे कापून घ्यावेत आणि फवारून रंगवावेत. रेडियमचा गोंद जबर असतो. साचा आधी दोन-तीनदा पँटच्या कापडावर चिकटवून काढावा, नाहीतर खालचा निळा सोलून निघतो.

ज्यांना एवढी कापाकापी नको त्यांनी भारतीय हवाई दलाच्या हरिकेन या लढाऊ विमानाकडे वळावे. १९४४ मध्ये अर्जनसिंग यांच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने इंफाळवर आणि मेहरसिंग यांच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने आराकानात टेहळणी केली ती हरिकेनवरूनच. त्याच वर्षी मार्चमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला लढत होती. हरिकेनच्या बंदुका मात्र काढू नयेत, ती टेहळणी सशस्त्र होती. दोन्ही विमाने शेजारी मांडली तर फरक पाटी न वाचताही कळेल.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एकच विनंती. ज्या मॉडेलपुढे ‘टेहळणी विमान’ अशी पाटी असेल, त्याच्याखाली वीतभर लांबीचा साधा आरसा ठेवायला सांगावे आणि परीक्षकांनी आधी त्यात पाहावे. दोन खिडक्या दिसल्या आणि तोफांची भोके दिसली नाहीत, तर मग रंगाचे गुण मोजायला घ्यावेत.

आपले,
काही हौशी मॉडेलकार
शहापूर व टिळकवाडी, बेळगाव