आई-बाबा, आम्ही दोघांनीही राजीनामा दिलाय

पुणे,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. इथे सगळे ठणठणीत आहेत. चिन्मयची चाचणी बरी गेली, सासूबाईंचा खोकला थांबला, समीरचं वजन तेवढं हलत नाही. पत्र एवढ्यासाठीच की फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात, आई "बाबांशीच बोल बाई" म्हणते, आणि माझं मुद्द्याचं पोटातच राहतं.

तर मुद्द्याचं. मी आणि समीर, दोघांनीही नोकरीचा राजीनामा दिलाय. २८ फेब्रुवारी हा दोघांचाही शेवटचा दिवस. कर्वेनगरला भाड्याने गाळा घेतलाय आणि पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, तिथे आपलं पोळी-भाजी केंद्र सुरू होतंय. कोणी काढून टाकलेलं नाही, कुणाशी भांडण झालेलं नाही, कुठलं देणं अंगावर आलेलं नाही. बाबा, आता घोटभर पाणी प्या आणि मग पुढचं वाचा. आई, तूही बस. ओट्यापाशी उभी राहून वाचू नकोस, मग गुडघा धरतो तुझा.

दादाला माहीत आहे. त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला शपथ घातली होती. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको.

"एकाने नोकरी ठेवायची, एकाने धंदा बघायचा, एवढं साधं कळलं नाही का?" असं बाबा म्हणणार. बाबा, आम्ही तेच करून बघितलं. शनिवार-रविवार सोसायटीतल्या भाकरी-पिठल्याच्या ऑर्डरी, दिवाळीला फराळ. पण हे काम अर्ध्या माणसाचं नाही. पहाटे एकाने मार्केट यार्डात जायचं, तेवढ्यात दुसऱ्याने गाळा उघडून कणीक भिजवायला घ्यायची, साडेदहाला भाज्या तयार हव्यात, अकरापासून गिऱ्हाईक. संध्याकाळी परत सहा ते नऊ. यात एकजण चाकणच्या बसमध्ये असला, तर त्याचा पगार नोकर ठेवण्यातच जातो, आणि वर माल कुठे जातो ते कळत नाही. या धंद्यात गल्ला आणि कोठी घरच्याच माणसाच्या हातात लागतात. हे कोणाचं वाक्य आहे ते ओळखा. कराडच्या गाळ्याच्या वेळी तुम्हीच अप्पाकाकांना हे ओरडून सांगत होतात, मी जिन्यात बसून ऐकलंय.

आणि कराडचं तेवढं मनात आणू नका. तिथे उधारीने घात केला. आपल्याकडे रोख किंवा मोबाइलवर, आणि महिन्याचा डबा असेल तर पैसे आधी. डिलिव्हरी अ‍ॅपवर आम्ही सध्या जाणारच नाही, कारण ते शंभरातले वीस-पंचवीस रुपये कापून घेतात आणि पोळी-भाजीत तेवढा फायदाच नसतो. आसपास कॉलेजची पोरं आहेत, भाड्याने राहणारे नोकरदार आहेत, आणि मुलं परदेशी असलेली तुमच्या वयाची जोडपी तर गल्लोगल्ली आहेत. दोन माणसांचा स्वयंपाक कोण करत बसतो? ती माणसं घरून डबा आणून रांगेत उभी राहतात.

पैशांचं एकदाच सांगते, मग विषय बंद. दीड वर्षाचा घरखर्च, घराचा हप्ता आणि चिन्मयची फी धरून, वेगळा काढून ठेवलाय. दोघांच्या पीएफला हात लावलेला नाही. समीरची ग्रॅच्युइटी गाळ्याच्या डिपॉझिटला आणि फर्निचरला जाईल. भट्ट्या, कणीक मळायचं यंत्र आणि डीप फ्रीजसाठी मुद्रा योजनेतून कर्ज घेतोय. त्याला तारण लागत नाही, त्यामुळे घराचे कागद कपाटातच आहेत. गाळ्याचा करार ३६ महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या वर जाईल असा अंदाज आहे, म्हणून शंभर रुपयांच्या साध्या नोंदणीवर न थांबता अन्न परवान्यालाच अर्ज केलाय. कामावरच्या प्रत्येकाचे वैद्यकीय दाखले केलेत, समीरचासुद्धा. सिलिंडर १९ किलोचे, धंद्याचे निळे. घरचा लाल सिलिंडर गुपचूप वापरायचा नाही हे मी आधीच ठरवून टाकलंय, म्हणजे तुम्ही ते विचारायला नको.

एवढं सगळं वाचून, ही आपल्याला पटवतेय की स्वतःला, असं आईला वाटेल. दोघांनाही पटवतेय गं. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा हाच पाढा म्हणते.

आता खरं जे पोटात आहे ते. बाबा, तुम्हाला बोल लावायचा नाही, आधीच सांगते. पण धोम धरणाच्या कॉलनीत असताना आई त्या बॅचलर इंजिनिअरांचे डबे करायची, ते मला लख्ख आठवतं. पितळी पट्टीचे ते चार डबे, सकाळी नऊच्या आत. त्याच वर्षी दादाला सायकल आली आणि मला गणवेशाचे दोन जोड एकदम मिळाले. मग साहेबांच्या बायकोचं ते बोलणं झालं आणि डबे बंद झाले. तुम्ही आमच्या भल्यासाठीच बंद केलेत, खात्यात मान राहायला हवा होता, बदली तोंडावर होती, मला कळतं. त्या काळात कोणीही तेच केलं असतं. फक्त एवढंच की दिवस बदललेत. लोकांना जेवू घालण्यात आता कोणी कमीपणा मानत नाही. आणि मानायचा कधीच नव्हता. प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठीच. त्या बायकांनी घरं उभी केली, पोरं शिकवली. आपल्या आईनेही आपल्यापुरतं तेच केलं होतं. त्या मानाने आमचं सोपं आहे, आमच्या पाठीशी डिग्र्या आहेत. नाहीच चाललं तर नोकरी शोधू. चाळिशीनंतर मिळते, थोडी कमी पगाराची मिळते.

आई, तू करायचीस ते सगळं काउंटरवर असेल, पिठलं, मटकीची उसळ, भरलं वांगं, खर्डा. भाकरी मात्र मला तुझ्यासारखी येत नाही, त्यासाठी दोन मावशी ठेवल्यात. त्यातल्या एक मंगळवेढ्याकडच्या. मागच्या आठवड्यात चाचणी म्हणून दुकानदाराकडून पीठ मागवलं होतं. मावशींनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, थोडं पाण्यात कालवून परातीत एक गोळा थापला. कडेला भेगा पडायला लागल्या तशी भाकरी तव्यावर न टाकताच मोडली आणि म्हणाल्या, "विरी गेलीया ह्याची, म्हैन्याचं पीठ दिसतंय." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. समीर नुसता बघत राहिला, एवढी वर्षं कारखान्यात क्वालिटी तपासून. आता ठरलंय, त्यांच्याच भागातली नवी मालदांडी ज्वारी या महिन्यात-पुढच्या महिन्यात बाजारात येईल तेव्हा पोती घ्यायची आणि पीठ एक दिवसाआड दळायचं. दुसऱ्या दिवशी मावशींनी ताज्या पिठाची भाकरी केली, टम्म फुगली. मी पापुद्रा काढून तूप-मीठ लावलं आणि उभ्याउभ्याच खाल्ला. शाळेतून आल्यावर तू माझ्यासाठी शेवटची भाकरी तव्यावर ठेवायचीस ना, तशी. मावशी म्हणाल्या, "ताई, मालकीणबाईनं अशी खाल्ली तर गिऱ्हाईकाला काय?" हसायला आलं आणि डोळ्यांत पाणी पण आलं. चुलीच्या धुराने आलं असं मी म्हणाले. गॅसच्या भट्टीला धूर कुठला असतो!

आता तुमच्या दवाखान्याचं. मला सगळ्यात जास्त झोप उडाली ती याच्यावरून. तुम्ही दोघं माझ्या कंपनीच्या विम्यात होतात, ते मी नोकरी सोडली की संपतं. म्हणून राजीनामा द्यायच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे तुमची दोघांची स्वतंत्र पॉलिसी करायला घेतली. ग्रूपमधून वैयक्तिकमध्ये जाता येतं, तसा नियमच आहे. बाबांची अँजिओप्लास्टी अर्जात स्वच्छ लिहिली आहे, काही लपवलेलं नाही. हप्ता किती हे विचारायचं नाही. तुमचं पेन्शन त्यात घालायचं नाही. शिवाय बाबा सत्तरीच्या वर आहेत, त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. आईला अजून दोन वर्षं आहेत त्याला, तोवर तिचं रेशन कार्ड महात्मा फुले योजनेसाठी चालतं. म्हणजे रेशन कार्ड कुठे आहे ते शोधा. मागच्या वेळी ते हळदीच्या डब्याखाली सापडलं होतं.

दर महिन्याच्या ५ तारखेला येतात ते पैसे येतच राहतील. शोभाचा पगार त्यातूनच द्या, तिला "आता आमच्या लेकीची नोकरी गेली, तू एक वेळच ये" असलं काही सांगायचं नाही. दोन्ही वेळा यायला हवी ती. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची आहे, माणूस बुधवारी येईल, पैसे दिलेत. बाबांची मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही. "पोरीची गडबड संपू दे, मग बघू" असं डॉक्टरांना सांगितलंत तर मी गाळा सोडून वाईला येऊन बसेन, आणि मग धंदा बुडाला तर तुमच्यावर.

आणखी काही गोष्टी ठाम सांगते. बाबा, पतपेढीतली एफडी मोडायची नाही. आई, पाटल्यांचा विषय काढायचा नाही. पसरणीच्या रानाबद्दल काकांकडे एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही असं काही केलंत तर आम्हाला आधार वाटणार नाही, धाकच वाटेल. समीरचंही हेच म्हणणं आहे, आणि तो कसा कमी बोलतो ते तुम्ही जाणता. तो म्हणाला, "सासऱ्यांकडून काही घ्यायचंच असेल तर त्यांचं हिशेबाचं डोकं घेईन." हे त्याने खरंच म्हटलंय, मी वाढवून सांगत नाही. तेव्हा बाबा, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली की महिन्याचा ताळेबंद तुमच्याकडे येईल. लाल पेन तयार ठेवा.

नातेवाइकांत काय सांगायचं याची आईला काळजी लागेल. जे आहे ते सांग. माझी मुलगी आणि जावई पुण्यात पोळी-भाजी केंद्र चालवतात. कोणी "एवढं इंजिनिअर होऊन?" म्हणालं तर पाडव्याला जेवायला बोलाव. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला होता, आता त्याच शेजारणींना गाळ्याचा पत्ता वाटत असतात. त्यामुळे तुझंही होईल.

पाडव्याला तुम्ही दोघं हवेच. एसटीने यायचं नाही, खंबाटकीत गाडी अडकली तर आईला पाय लांब करता येत नाहीत. समीर आदल्या दिवशी गाडी घेऊन येईल. येताना बोचकी बांधायची नाहीत. फक्त गेल्या उन्हाळ्यातला कांदा-लसूण मसाला उरला असेल तेवढा आणा. आणि यंदा डंकावर कुटायला नेशील तेव्हा मी सोबत येणार. आई, तेव्हा "मूठभर ब्याडगी, अंदाजाने संकेश्वरी" असं चालणार नाही. तुझ्या मुठी वजनकाट्यावर मोजायच्या आहेत मला, रोज तीच चव यायला हवी.

गुरुवारी रात्री फोन करते. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. आणि गोळ्या घेतल्याशिवाय भांडायला बसू नका.

तुमची,
सोनू

ता.क. बाबा, आयुष्मान कार्डाला आधार लागतं आणि मोबाइलवर ओटीपी येतो. तुमच्या आधारला अजून तो जुना नंबर जोडलेला आहे, जो तुम्ही रागाने बंद केलात. ऑपरेशनच्या आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या. शेजारच्या राहुलला सोबत न्या, आणि तिथल्या माणसाशी वाद घालू नका.